शेवटच्या शर्यतीची तिथी

१

अर्णव जामगावकर जगज्जेता झाला त्या संध्याकाळी बारागाव नांदूरच्या माळावर इतका गुलाल उधळला गेला, की बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांच्या खाकीचा रंग सांगता येईना. उपनिरीक्षक पंकजा धसाळ मोठ्या पडद्याच्या बाजूला उभी राहून तोंडात गेलेला गुलाल थुंकत होती आणि मनातून खूशही होती. राहुरीची लेक ती. आपल्या तालुक्यातला पोरगा साऱ्या जगाला मागे टाकतो, याचा आनंद वर्दीखाली दडत नाही.

मुळा धरणाच्या अलीकडचा हा माळ. इथे कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं. भिंगारला लष्कराच्या गाड्या तपासण्यात ज्यांची उभी हयात गेली त्या रामभाऊ जामगावकरांनी इथे डांबराची नागमोडी पट्टी टाकली, जुन्या टायरांच्या भिंती रचल्या आणि दुधाचे दात पडायच्या वयात अर्णवला टीचभर गाडीत बसवलं. लोकांनी रामभाऊंना वेड्यात काढलं. आता तेच लोक पोल, पिट, सेफ्टी कार हे मोटारशर्यतीतले शब्द कांद्याच्या भावाइतक्या सहज बोलत होते. यंदाचा मोसम तर त्यांनी घरचं लग्नकार्य असल्यासारखा काढला. मार्चपासून जगभर शर्यती चालल्या होत्या. उन्हाळ्यात अर्णव ओळीने जिंकत गेला, मग पावसातल्या एका शर्यतीत भिंतीवर आदळला, डोक्याला मार लागला, तरी पुढच्याच शर्यतीला उभा राहिला. शेवटची शर्यत आखातात होती. अर्णव आणि गुणांत त्याच्या बरोबरीचा एक प्रतिस्पर्धी, या दोघांत जो पुढे येईल तो जगज्जेता, असा सरळ मामला उरला होता.

या घरची एक रीत सगळ्या पंचक्रोशीला पाठ होती. शर्यत सुरू व्हायच्या आधी गॅरेजमध्ये जपून ठेवलेल्या त्या पहिल्या टीचभर गाडीला रामभाऊंचे थोरले भाऊ विष्णुपंत हळदकुंकू लावायचे आणि नारळ फोडायचे. विष्णुपंत संगमनेरच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. त्यांना मूलबाळ नाही. अर्णवला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलेला. आज मात्र पंत गॅरेजच्या दाराबाहेरच उभे राहिले आणि मेकॅनिक पुंजारामला म्हणाले, "खांदा धरलाय माझा. आज तू फोड." पंकजाने तर आधी त्यांना ओळखलंच नव्हतं. वर्तमानपत्रातल्या फोटोत ते वेगळे दिसायचे.

शर्यत संपली तशी पोरं गुलालाच्या पिशव्या घेऊन पंतांकडे धावली. पंत दोन्ही हात आडवे धरून मागे सरले. "नको रे, दमा आहे मला." पोरांनी मग अर्णवचं सगळं कामकाज बघणाऱ्या यामिनीला रंगवलं. पुण्याची ती बाई, पांढऱ्या कपड्यांत आलेली, पण तीही हसत सुटली. स्वयंपाकीण बनुबाईने पेढ्यांचं ताट फिरवलं. पंतांनी पेढा घेतला आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिला.

"रामभाऊंना खाली आणा!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळा माळ तेच ओरडायला लागला.

रामभाऊ शर्यत नेहमी एकटे बघायचे. माडीवर, दार लावून. त्या वेळात त्यांना हाक मारायची कोणाची टाप नव्हती. पण आता शर्यत संपली होती. बनुबाई पेढ्यांचं ताट घेऊन जिना चढली आणि लगेचच तिची किंकाळी खाली आली. ताट पायऱ्यांवरून घरंगळत आलं.

२

रामभाऊ खुर्चीत बसले होते. समोर टीव्हीवर त्यांचा मुलगा उंच चौथऱ्यावर उभा राहून शॅम्पेन उडवत होता. मान थोडी तिरकी करून तो कॅमेऱ्याकडे बघत होता. बापाचे डोळे अर्धे उघडे होते.

"आनंद सोसवला नाही त्याला," दारात उभे विष्णुपंत म्हणाले. "मुलाला जिंकताना पाहिलं आणि गेला."

मागे यामिनी रडत होती. रडता रडता तिचा अंगठा फोनवर चालला होता. पंकजा खोली बघून घेते तोवर ही बातमी सगळ्या चॅनेलांवर गेलीसुद्धा. मुलाचा विजय डोळ्यांत साठवून बापाने डोळे मिटले. ऐकणाऱ्याने डोळे पुसावेत अशी गोष्ट. पंकजानेही पुसले.

मग हवालदार गहिनीनाथ रामभाऊंचा हात उचलायला गेला आणि त्याने आपला हात झटकन मागे घेतला. तो तिच्या कानाशी आला. "मॅडम, हात बगा. लाकडावानी झालाय. आत्ता गेलेल्या मानसाचा आसा आसतो व्हय?"

पंकजाने हात लावून पाहिला. कोपर वाकेना. अंग बर्फासारखं गार. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की खोलीत आल्यापासून आपण स्वतः कुडकुडतोय. डिसेंबरातल्या थंडीत एसी पूर्ण जोरात चालू होता.

सदऱ्याच्या खिशावर वापरून वापरून गोल उठाव आला होता. आत काही नव्हतं. खिसा मात्र अजून त्या गोल वस्तूची जागा राखून होता.

राहुरीहून आलेल्या डॉक्टरांनी हृदयच बंद पडलंय असं सांगितलं. मारहाणीची खूण नाही, विषाची नाही. "पण वेळ विचारू नका बाई. ही एवढी गार खोली! दुपारीही गेले असतील, काल संध्याकाळीही गेले असतील. एक नक्की, शर्यत सुरू झाली तेव्हा ते जिवंत नव्हते."

म्हणजे चॅनेलवाले सांगत होते ते घडलंच नव्हतं. रामभाऊंनी काहीच पाहिलं नव्हतं. कोणीतरी त्यांना गार करून टीव्हीसमोर बसवून ठेवलं होतं, आणि तो माणूस आत्ता खाली गर्दीत हात जोडून उभा असणार होता.

३

सोमवारी सकाळी वरिष्ठांचा फोन आला. "धसाळ, अख्खा देश रडतोय. तुम्ही उगाच खुसपट काढू नका. उद्या अंत्यसंस्कार होऊ द्या."

"हो सर," पंकजा म्हणाली आणि जीप माळाकडे वळवली.

बनुबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून होती. डोळे सुजलेले. चूल थंड होती, शेजारच्या वस्तीवरून आलेला डबा तसाच पडला होता.

"एशी?" ती म्हणाली. "आवो, भाऊंना थंडीत पंकाबी सोसत नव्हता. गोधडी पांघरून बसायचे. एशी लावलाच न्हाई त्यांनी कदी दिवाळीनंतर."

"काल दिवसभरात तू त्यांना पाहिलंस?"

"न्हाई. शर्यतीच्या दिशी मी वर जातच न्हाई. चा, न्याहारी पंतांनीच वर नेली. रिकामी ताटली आनली की खाली."

"जेवण?"

"मी शिरा केल्ता. लेकराची शेवटली शर्यत, तोंड गोड नको का? पन पंतांनी हात न्हाई लावला. म्हनले, पोट बिघडलंय, मला नुसतं वरन-भात दे, बिनफोडनीचा. तेवडाच खाल्ला बिचाऱ्यांनी." तिने पदराने डोळे पुसले. "रातीबी खाली चटईवरच झोपले हुते. पाठ धरली म्हनून."

"काल रात्री?"

"न्हाई वो, परवा. शनवारी."

"रामभाऊंच्या खिशात काय असायचं गं? गोल काहीतरी."

"डबी. स्टीलची. जिभंखाली ठिवायच्या गोळ्या हुत्या तेच्यात. दोन साल झाली, छातीत कळ यायची त्यांना. त्या डबीबिगर संडासलाबी जात नव्हते भाऊ."

डबी खोलीत नव्हती. पंकजाने खुर्चीच्या गाद्या उलट्या केल्या, गहिनीनाथ पलंगाखाली रांगला, पण डबी काही मिळाली नाही.

"गोळीनं वाचला आसता मानूस," गहिनीनाथ धूळ झटकत म्हणाला. "कुनीतरी डबीच पळवली, मॅडम."

४

पुंजाराम गॅरेजमध्ये होता. वांबोरीचा गडी, रामभाऊंबरोबर या माळावर पहिल्यापासून राबलेला. त्याच्या कपाळावर अजून कालचा गुलाल होता आणि त्याचं त्याला भान नव्हतं.

"शनवारी दिस मावळताना मी हितंच हुतो," तो म्हणाला. "वर लई वरडावरडी चालली हुती. भाऊंचा आवाज. मी फोन लावनार म्हंजे लावनार, आसं म्हनत हुते. आन मंग गप झालं."

"कोणावर ओरडत होते?"

"दुसऱ्याचा आवाज नाय आला. पन त्या पुन्याच्या मॅडमची गाडी फाटकात हुबी हुती."

"आणि तू? तुझं काही वाजलं होतं म्हणतात रामभाऊंशी."

पुंजारामने हातातलं फडकं जमिनीवर आपटलं. "वाजलंच की. शनवारी दुपारी म्हनले, मोसम संपला की ह्यो ट्रॅक बंद करायचा. एका बी लेकराला आता गाडीत बसवायचं न्हाई. मी इचारलं का, तर उत्तर न्हाई. लई राग आल्ता मला. पन मॅडम, म्या त्यांच्या हाताखाली जिंदगी काढली. मी त्यांना मारीन व्हय?" आणि तो एवढा मोठा माणूस गाडीच्या चाकाशी बसून ढसाढसा रडला.

यामिनी मात्र रडणं आवरून तयार बसली होती.

"मी शनिवारी आले होते, माळाच्या टोकाला पडद्याची जागा बघायला. नंतर भाऊंना भेटायला निघाले, पण वर गेले नाही. विष्णुपंत जिन्यातच भेटले. म्हणाले, राम झोपलाय, उठवू नका. मी गेले. रविवारी दुपारी मला भाऊंचा मेसेज आला. हा बघा."

तिने फोन पुढे केला. शर्यत संपेपर्यंत मला हाक मारू नका, मीच खाली येतो.

"म्हणजे रविवारी दुपारपर्यंत ते होते ना?" यामिनी म्हणाली. "मग विषय संपला. प्लीज, बाहेर जी गोष्ट गेलीय ती राहू द्या. अर्णवसाठी. गुरुवारी त्याला पुन्हा गाडीत बसायचंय. पुढच्या वर्षीच्या गाडीची पहिली चाचणी."

"बापाला अग्नी देऊन तिसऱ्या दिवशी?"

"जगज्जेता आहे तो," यामिनी म्हणाली. "सगळे थांबलेत त्याच्यासाठी."

"शनिवारी रामभाऊ कोणाला तरी फोन लावणार होते. तुम्हाला आला होता?"

यामिनीचा चेहरा उतरला. "आला होता. मी गाडी चालवत होते, उचलला नाही. नंतर लावला तर कोणी घेतला नाही." तिने फोन पालथा ठेवला. "काय सांगायचं असेल हो त्यांना?"

५

त्याचं उत्तर अर्णवबरोबर आलं.

दुपार कलताना तो माळावर पोचला. टीव्हीवर दिसायचा त्याहून लहानखुरा, पोरसवदाच. गाडीतून उतरला, मान किंचित डावीकडे कलती ठेवून पायऱ्या चढला, आणि पंतांच्या गळ्यात पडला. पंतांनी त्याला असं धरलं होतं की कोणी सोडवायला गेलं असतं तर बोटं मोडली असती.

"काका, बाबांनी बघितलं ना? शेवटपर्यंत बघितलं ना?"

"बघितलं रे बाळा," पंत म्हणाले.

पंकजाने थोडा वेळ जाऊ दिला आणि मग त्याला बाजूला घेतलं.

"शनिवारी तुमचं बाबांशी बोलणं झालं होतं?"

तो म्हणाला, "तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?" पोलिसाला असं विचारणारा माणूस एकतर फार लबाड असतो, नाहीतर फार एकटा. हा दुसऱ्यातला होता.

"त्या पावसातल्या अपघातापासून मला दोन दिसतं. सगळं दोन. मान अशी तिरकी धरली की एक होतं. डॉक्टरांच्या तपासणीत मी मान तशीच धरली, कोणाच्या लक्षात आलं नाही. शनिवारी सकाळी बाबांना सांगितलं, कारण मला भीती वाटायला लागली होती. ते एवढे चिडले! म्हणाले, गाडीत बसायचं नाही. मी आज तुझ्या टीमला, यामिनीला, सगळ्यांना फोन करून सांगणार. मी रात्रभर वाट बघितली. कोणाचाच फोन आला नाही. आणि रविवारी दुपारी हे आलं."

त्याने फोन दाखवला. बाबा या नावाखाली एकच ओळ होती. माझं चुकलं, तू बस गाडीत, मी बघतोय.

"म्हणून बसलो," अर्णव म्हणाला. "बाबांनी हो म्हटलं म्हणून. शेवटच्या वळणाला मला दोन भिंती दिसत होत्या, मॅडम. मधून घातली गाडी. गुरुवारीही घालीन. बाबा बघतायत ना."

गुरुवार परवाच्या पलीकडे होता. आणि हे पोर एका मेलेल्या माणसाच्या शब्दावर, त्याने कधीच न दिलेल्या शब्दावर, दोन भिंतींच्या मधून गाडी घालायला निघालं होतं.

६

"यामिनी मॅडमच," परतताना जीपमध्ये गहिनीनाथ म्हणाला. "शर्यत झाली न्हाई तर तिचं लई नुसकान. पुंज्या भोळा हाय."

पंकजाचं लक्ष नव्हतं. पिठातल्या अळ्यांसारखं काहीतरी डोक्यात वळवळत होतं आणि हाती लागत नव्हतं. रस्त्यात एका मंगल कार्यालयासमोर वऱ्हाड उतरत होतं. गाडी थांबली. नवरीचा मामा अक्षता वाटत होता. एक म्हातारा त्या घेता घेता हसत होता.

"गहिनीनाथ," ती एकदम म्हणाली, "गाडी बाजूला घे."

तिला आपल्या चुलतबहिणीचं लग्न आठवलं होतं. पंकजा तेव्हा परकर-पोलक्यात होती. ऐन मुहूर्ताआधी टाकळीमियाँहून माणूस आला आणि थोरल्या चुलत्याच्या कानात काहीतरी बोलून गेला. आजोबांचे भाऊ गेले होते. चुलत्याने बातमी दाबून ठेवली, कारण कार्य मोडलं असतं. पण तो चुलता दिवसभर मांडवाच्या कडेला उभा राहिला. त्याने अक्षता टाकल्या नाहीत, टिळा लावून घेतला नाही, बुंदीचा कण तोंडात घातला नाही. सगळ्यांना वाटलं त्याचं काही बिनसलंय. पंगती उठल्यावर त्याने सांगितलं, तेव्हा कळलं.

"बातमी दाबता येते रे," पंकजा म्हणाली. "सुतक दाबता येत नाही. ज्याला पाळायचं असतं तो ते कोपऱ्यात उभा राहून पाळतोच."

गहिनीनाथने इंजिन बंद केलं.

"काल पंतांना मी ओळखलं नाही. का? कपाळाला गंध नव्हतं. आजवरच्या एकाही फोटोत तो माणूस गंधाशिवाय नाही. वर्षभर नारळ त्यांनी फोडला, काल पुंजारामला फोडायला लावला, आणि गाडीच्या पूजेला दाराच्या आत पाय ठेवला नाही. गुलाल लावून घेतला नाही. पेढा कठड्यावर ठेवला. शिरा खाल्ला नाही. आणि बिनफोडणीचं वरण, चटईवर झोपणं. तुमच्यात सुतकात फोडणी देतात?"

"न्हाई वो," गहिनीनाथ हळूच म्हणाला. "पन दमा, खांदा, पोट..."

"एका माणसाला एकाच दिवशी किती दुखणी! आणि चटईवर ते शनिवारी रात्री झोपले. सुतक कळल्याशिवाय लागत नाही. पंतांना ते शनिवारी रात्रीच लागलं होतं. रामभाऊ शनिवारी दिवेलागणीला गेले, आणि हे त्या वेळी एका माणसाला माहीत होतं. रविवारची रिकामी ताटली त्यांनी आणली, दोन्ही मेसेज त्यांनी पाठवले, एसी त्यांनी लावला. यामिनी शनिवारी वर जाणार होती, तिला जिन्यात त्यांनीच अडवलं. साऱ्या जगाला फसवलं त्या माणसाने. देवाला फसवायचं धाडस झालं नाही."

"मंग धरू ना त्यांना!"

"कशावर? कपाळ कोरं होतं म्हणून?" पंकजाने तोंडावरून हात फिरवला. "कोर्टात जज हसेल. आणि गुरुवारी तो पोरगा गाडीत बसेल."

७

विष्णुपंत गॅरेजमध्ये त्या टीचभर गाडीजवळ उभे होते. गाडीला हात न लावता. पंकजाने सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शाळेत नापास मुलाचं उत्तर ऐकावं तसं शांतपणे ऐकलं.

"गंध लावलं नाही म्हणून कोणाला शिक्षा होते का, मुली?"

"नाही होत."

"मग?"

"मग काही नाही," पंकजा म्हणाली. "माझ्याकडे दुसरं काही नाही. पण उद्या घाटावर गुरुजी तिथी विचारतील. तुम्ही घरातले थोरले, तुम्हालाच विचारतील. रामभाऊ नवमीला गेले. तुम्ही दशमी सांगितलीत की अर्णव जन्मभर दशमीला श्राद्ध घालणार. ते तुमच्या भावाला पोचतं का, हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. आणि अर्णवला दोन दिसतं, हेही तुम्हाला कळतं. गुरुवारनंतर श्राद्ध घालायला तो तरी राहतो का बघा."

पंतांचा हात धोतराच्या कनवटीकडे गेला आणि तिथेच थांबला. पंकजा त्यांना तसंच सोडून निघाली. तिला त्या म्हाताऱ्याचा राग येत होता, दयाही येत होती, आणि दया येते याचाच जास्त राग येत होता.

मंगळवारी सकाळी मुळेच्या काठी माणूस मावत नव्हतं. कॅमेरे झाडांवर चढले होते. अर्णव ओल्या पंच्यात कुडकुडत उभा होता, मान डावीकडे कलती. गुरुजींनी पंचांग उघडलं.

"देह कोणत्या तिथीला ठेवला? नक्षत्र बघायचंय. रविवार ना, पंत? दशमी धरू?"

गुरुजींनी पुन्हा विचारलं. अर्णवने त्यांच्याकडे पाहिलं.

"नवमी," विष्णुपंत म्हणाले.

"नवमी शनिवारी होती, पंत."

"नवमीच. शनिवार. दिवेलागणीची वेळ."

"काका?" अर्णव म्हणाला. "रविवारी तर त्यांनी मला..."

"ते मी लिहिलं होतं." पंतांनी कनवटीतून स्टीलची गोल डबी काढली आणि अर्णवच्या हातावर ठेवली. "तो तुझ्या लोकांना फोन लावत होता. मी फोन हिसकावला. आमची जुंपली आणि त्याच्या छातीत कळ आली. त्याने खिशातून डबी काढली, ती हातातून निसटली, ती मी उचलली. तो हात पुढे करत होता. मी म्हटलं, आधी शब्द दे, फोन करणार नाहीस. एकच शर्यत राहिलीय, जिंकू दे पोराला, मग काय ते कर. फक्त शब्द दे."

अर्णवने डबी मुठीत धरली.

"मला वाटलं, देईल. दुखतंय म्हटल्यावर कोणीही देतो. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. नाही म्हणून. परत विचारलं, परत नाही. मग मी घाबरून गोळी त्याच्या तोंडात घातली, पण तेव्हा ती विरघळायला अंगात जीव उरला नव्हता. तुझ्या बापाने शेवटपर्यंत शब्द दिला नाही, अर्णव. तू जिंकलास ते त्याने पाहिलं नाही. त्याला ते नकोच होतं. त्याला तू हवा होतास."

एवढं बोलून ते वळले आणि पंकजापुढे येऊन उभे राहिले. गर्दी त्यांना वाट देत मागे सरत गेली. कोणी शिवी दिली नाही की कोणी हात उगारला नाही. गहिनीनाथने जीपचं दार उघडलं, ते आत बसले आणि चितेकडे पाठ करून बसून राहिले.

गुरुजींनी नवमीचा उच्चार करून विधी पुरा केला आणि पेटता पलिता अर्णवच्या हातात दिला. अर्णव पुढे झाला. मान त्याने आता सरळ धरली होती. पलिता त्याने खाली टेकवला तो चितेच्या हातभर बाजूला, ओल्या वाळूत. ज्योत फरफरली. त्याने तो उचलून पुन्हा टेकवला, पुन्हा वाळूतच.

"मला दोन दिसतायत," अर्णव मोठ्याने म्हणाला. "पुंजारामकाका, बाबा कुठल्या बाजूला आहेत?"

पुंजारामने पुढे होऊन त्याचं मनगट धरलं आणि पलिता लाकडांना लावून दिला. यामिनी गर्दीतून बाहेर पडली. गुरुवारची चाचणी रद्द करायला तिने फोन कानाला लावला होता आणि पलीकडच्या माणसाला ती पुन्हा पुन्हा सांगत होती की नाही, तो येणार नाही, त्याच्या वडिलांनी नको म्हटलंय.